डोंगराची सायकल, ऑफिसचा रस्ता

कॅनडातल्या कॅल्गरीत तुम्हाला दुसरा हिवाळा लागला आहे. गाडीच्या विम्याचा आकडा ऐकून डोळे पांढरे झाले आहेत, आणि आता बारा महिने सायकलनेच ऑफिसला जायचे असे तुम्ही मनाशी ठरवले आहे. उत्तम! पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत आणि कॉलेज संपेपर्यंत तुम्ही तिथे सायकल मारली आहे, म्हणजे अनुभव गाठीशी आहेच. उणे तीस म्हणजे काय, नुसता आकडा. फक्त दुकानात जाण्यापूर्वी माझे चार शब्द ऐकून जा. मी हे सगळे स्वतःचे पैसे घालून शिकलो आहे, तुम्हाला फुकट सांगतो.

सायकल डोंगराचीच, म्हणजे माउंटन बाइक घ्यायची, आणि तीही विजेची. तुमचा रस्ता बो नदीच्या काठाने जाणारा, डांबरी, जवळपास सपाट आणि महापालिकेने बर्फ काढून ठेवलेला असला तरीही. दुकानातला मुलगा विचारेल, "कुठे चालवणार?" इथे खरे बोलू नका. "ऑफिसला" म्हणालात की तो तुम्हाला आत, मडगार्ड आणि कॅरिअर लावलेल्या सोज्वळ सायकलींकडे घेऊन जाईल. त्यापेक्षा "कॅनमोरच्या ट्रेल्सवर" म्हणा. कॅनमोर म्हणजे रॉकीज पर्वतातले गाव, तिथल्या डोंगरवाटांचे नाव काढले की लगेच त्याच्या चेहऱ्यावर आदर येतो. हा आदर साधारण आठ हजार डॉलरला पडतो, पण पावतीवर त्याची वेगळी ओळ नसते.

मग सस्पेन्शन बघा, म्हणजे दचके गिळण्यासाठी सायकल किती दबते ते. 160 मिलिमीटरच्या खाली बोलूच नका. तुमच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा कडा म्हणजे ऑफिससमोरच्या फुटपाथची कड, ती असते साधारण 150 मिलिमीटर. वरचे 10 मिलिमीटर इभ्रतीसाठी. आता, कडाक्याच्या थंडीत पुढच्या चाकाच्या फोर्कमधले तेल दाट होते, रबरी सील आखडतात आणि ते महागडे सस्पेन्शन लाटण्यासारखे ताठ उभे राहते, ही गोष्ट खरी. पण दिसते तेवढेच छान. हँडल 800 मिलिमीटर रुंद घ्या, म्हणजे लिफ्टमध्ये शिरताना शेजाऱ्यांशी ओळखी वाढतात.

मडगार्डचा विषय दुकानात काढायचा नाही. आमच्या वडिलांची काळी हर्क्युलस होती. दोन्ही चाकांना पत्र्याचे मडगार्ड, अख्खी चेन झाकणारे चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, घंटी आणि चाकाला घासून पेटणारा डायनॅमो, हे सगळे सायकलीबरोबर. माझ्या आठ हजारांच्या सायकलीत यातले काय आले, हे मी घरी आल्यावर मोजायला बसलो. घंटी आली होती. बाकीचे लावायला फ्रेमला भोकेसुद्धा नव्हती, कारण डोंगरावर कोण मडगार्ड लावतो? कॅल्गरीच्या रस्त्यावर मीठ असते, खडी असते आणि चिनूक नावाचा एक वारा असतो. रॉकीज ओलांडून तो खाली उतरला की काही तासांत तापमान वीस-वीस अंशांनी चढते. सकाळी बर्फ, दुपारी त्याचे खारट पातळ पिठले. हे पिठले मागचे चाक उचलते आणि कमरेपासून मानेपर्यंत तुमच्या जाकिटावर एक सरळ तपकिरी रेघ ओढते. माझी रेघ ऑफिसात इतकी प्रसिद्ध आहे की आमच्या मजल्यावरच्या रिसेप्शनवरची बाई ती पाहून बाहेरचे हवामान सांगते.

टायर मात्र जाडे बघून घ्या, मोठ्या गुठळ्यांचे. चिखलात त्यांच्यासारखे टायर नाहीत. आता जानेवारीत कॅल्गरीत चिखल कुठून आणायचा, हा प्रश्न तुमचा. चिनूकने दुपारी वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठते, सकाळी रस्ता काचेसारखा होतो, आणि काचेवर रबराच्या गुठळ्या कितीही मोठ्या असल्या तरी त्या घसरतातच. त्यासाठी टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे ठोकलेले टायर मिळतात, एकेका टायरमध्ये दोन-तीनशे खिळे. दोन टायर दोनशे-अडीचशे डॉलरला येतात. सायकलीवर आठ हजार घालवल्यावर त्यात आणखी अडीचशे म्हणजे उधळपट्टी झाली, ती टाळा. मी टाळली. पहिल्याच डिसेंबरात पुलाच्या उतारावर मी, सायकल आणि जेवणाचा डबा असे तिघे तीन दिशांना गेलो. डबा सगळ्यात लांब गेला. त्यात कारल्याची भाजी होती, म्हणून त्या बाजूचे दुःख मर्यादित राहिले.

मोटर मधलीच हवी, पेडलपाशी बसवलेली. तिचा सगळा जोर चेनमधून जातो आणि चेन मिठात भिजलेली असते. मार्चपर्यंत चेन आणि मागची चक्रे दोन्ही बदलावी लागतात, तेवढेच मेकॅनिकशी घरोब्याचे संबंध राहतात. कायद्याने इथे 500 वॉटची मोटर आणि तिच्या मदतीने ताशी 32 किलोमीटर एवढी मुभा आहे. हेल्मेट सक्तीचे. हा 32 चा वेग मोठा मजेचा आहे. साध्या सायकलवर माणूस पाय मारतो, त्याने अंग तापते. इथे पाय मारायचे काम मोटर करते, अंगाला ऊब मिळत नाही, आणि वारा मात्र दुपटीने लागतो. हवा उणे 20 असताना ताशी 32 ने गेलात, की कॅनडाच्या विंडचिलच्या हिशेबाने अंगाला ती उणे 33 लागते. म्हणजे तेरा अंशांची जादा थंडी तुम्ही स्वतःच्या पैशाने तयार करता. साताऱ्याहून सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर मला पाहिले. डोळ्यांपुरती फट ठेवलेली कानटोपी, वर हेल्मेट, पापण्यांवर बर्फ. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, तिकडे कंपनी बस देत नाही का हो?"

आता बॅटरी. हा विषय जरा सावकाश घेऊ, कारण खरा संसार इथे आहे.

कंपनीच्या कागदावर लिहिलेले असते, एका चार्जमध्ये अमुक किलोमीटर. तो कागद बहुधा जुलैत छापतात. थंडीत लिथियमच्या बॅटरीतले द्रावण दाटते, आतले आयन रखडत चालतात, अंतर्गत रोध वाढतो आणि चढावर जरा जोर मागितला की व्होल्टेज मान टाकते. पडद्यावर पाच दांड्या असतात, सिग्नल सुटेपर्यंत तीन उरतात. घरात आणून ऊब दिली की त्यातली एखादी परत येते, रुसलेल्या माणसासारखी. म्हणून बॅटरी रात्री सायकलीवरच, खाली पार्किंगमध्ये ठेवा. ती काढून वर न्यायला तीन-चार किलो उचलावे लागते, आणि उचलायचेच असते तर मोटर कशाला घेतली?

चार्जिंगही तिथेच उरकून घ्या. शून्याच्या खाली गार पडलेली बॅटरी चार्ज केली की लिथियम आत मुरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर धातूचा थर होऊन बसतो आणि तेवढी क्षमता कायमची जाते. बॅटरी बनवणारेच सांगतात, चार्जिंग शून्याच्या वर करा. पण ते सांगायलाच बसलेले असतात. नवीन बॅटरी हजार डॉलरच्या आसपास येते, इथल्या मानाने काही फार नाही.

मी भित्रा निघालो. मी बॅटरी वर आणू लागलो. आमच्या स्वयंपाकघरात, सिंकखाली, घर तापवणाऱ्या भट्टीच्या गरम हवेची एक जाळी आहे. घरातली सगळ्यात ऊबदार जागा तीच. तिथे बायको रात्री विरजण लावते, कारण कॅल्गरीच्या जानेवारीत दही दुसरीकडे कुठे लागतच नाही. त्या कोपऱ्यात मी एके दिवशी दह्याचे पातेले सरकवून बॅटरी ठेवली, वर आईने शिवलेली गोधडी पांघरली. सकाळी बॅटरी टवटवीत होती. दूध मात्र दूधच होते.

13 जानेवारी 2024 च्या शनिवारी तर कमालच झाली. उणे तीसच्या पुढची थंडी, आणि संध्याकाळी आमच्या अल्बर्टा प्रांतातले सगळे मोबाइल एकदम किंचाळले. वीज कमी पडते आहे, दिवे मालवा, गाड्यांचे चार्जिंग थांबवा, असा सरकारी इशारा. बायकोने इशारा मोठ्याने वाचला, मग माझ्याकडे पाहिले, मग सिंकखालच्या हिरव्या दिव्याकडे. प्रांताची वीज मी एकट्याने खाल्ली असे ती म्हणाली नाही. पण वायर तिनेच काढली, आणि त्या जागी पातेले ठेवले.

एक धडा राहिला. मागच्या चाकाच्या आत फ्रीहब नावाचा भाग असतो. त्यातली बारीक दाती चाकाला धरतात आणि पेडलचा जोर चाकापर्यंत पोहोचवतात. तिथले ग्रीस थंडीत घट्ट झाले की दाती उघडत नाहीत. एका सकाळी, उणे 27 ला, नदीकाठी मधोमध ते झाले. मी पेडल मारतो आहे, मोटर गुणगुणते आहे, चेन फिरते आहे, मागची चक्रे फिरत आहेत आणि सायकल जागची हलत नाही. मी थर्मासातला आल्याचा चहा त्यावर ओतला. वाफ आली, घमघमाट सुटला, दाती खटकन बसली आणि मी विजयी मुद्रेने निघालो. दोनशे मीटर गेलो असेन. मग त्या चहाचाच बर्फ झाला, आणि दाती पुन्हा मिटून गोठली. 24 किलोची सायकल मी दोन किलोमीटर ढकलत नेली. त्या काठाने जाणाऱ्या एका बाईंनी थांबून विचारले, हा दालचिनीचा वास कुठून येतो आहे? मी सांगितले, आले आहे. त्या म्हणाल्या, छान.

एवढे करून आमचे चालले आहे. खिळ्यांचे टायर मी शेवटी घेतले, मडगार्ड प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून टाकले, कॅनमोरला मात्र अजून जाणे झालेले नाही. सिंकखालच्या जागेबद्दल घरात करार झाला आहे, एक रात्र बॅटरीची, एक रात्र दह्याची. गोधडी दोघांत एकच.

काल दह्याची पाळी होती. हे मी ट्रेनमध्ये बसून लिहितो आहे.