कूपर ब्लॅक हा फाँट ७० च्या दशकाहून बराच जुना आहे
एका लेखात कूपर ब्लॅकला ७० च्या दशकातला फाँट म्हटलंय, पण तो १९२२ चा आहे, शिकागोच्या ऑस्वल्ड कूपरने काढलेला. पुढे फोटोटाइपसेटिंगमुळे (शिशाच्या खिळ्यांऐवजी फोटोच्या तंत्राने अक्षरं जुळवणं) अक्षरं एकमेकांना अगदी चिकटवून लावता यायला लागली आणि मग काय, टीशर्टपासून दुकानाच्या पाटीपर्यंत जिकडेतिकडे हाच. सेरिफ आहे (म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोटे पाय असलेला) पण टोकं सगळी गोल गुबगुबीत, आणि तो इंग्रजी ओ बघा जरा, आतली पोकळी चक्क मागे कललेली, खरी मजा तिथेच आहे! ईझीजेटच्या विमानांवर अजून दिसतो. मोठ्या साइजला भारीच, फक्त त्यात अख्खा पॅराग्राफ लावू नका कोणी, ई आणि ए ची भोकं बुजतात नि नुसता काळा गोळा दिसतो.