पुण्याच्या टेकड्या विझलेले ज्वालामुखी नाहीत: एका व्हायरल मेसेजचा प्रतिवाद

पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फिरतो. सोबत मोबाईलवरच्या त्रिमितीय नकाशाचा फोटो असतो. मजकूर थोडक्यात असा: पर्वती, वेताळ टेकडी, सिंहगड हे विझलेले ज्वालामुखी आहेत, दगड काळा आणि भोकाभोकांचा आहे हा त्याचा पुरावा, सपाट माथे म्हणजे बुजलेली मुखं, आणि गडावरची टाकी हे त्यांचे अवशेष, नकाशावर डोंगराभोवती दिसणाऱ्या गोल रेषा विवराच्या, लोणार हेही असंच एक मुख, आणि हे सगळं पुन्हा कधीही जागं होऊ शकतं. यात दगडाबद्दलची अर्धी गोष्ट खरी आहे. तेवढ्या जोरावर बाकीचं खपून जातं, आणि शाळेत भूगोल नीट शिकलेली माणसंसुद्धा तो पुढे ढकलतात.

“दगड ज्वालामुखीचा, म्हणजे डोंगरही ज्वालामुखी”

दगड ज्वालामुखीचाच आहे, यात वाद नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. थिजलेल्या लाव्ह्याचा हा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. पण भेगेतून वाहणारा पातळ लाव्हा शंकू रचत नाही, दूरवर पसरून सपाट थर करतो. दगड कसा तयार झाला हा एक प्रश्न, आणि त्या दगडाला आजचा आकार कशाने आला हा दुसरा. मेसेज लिहिणाऱ्याने पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं आहे.

भोकांचंही तसंच. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे वर चढतात आणि लाव्हा थिजला की तिथेच अडकतात. त्यामुळे भोकं सर्वांत जास्त असतात ती प्रत्येक थराच्या वरच्या भागात. नंतर पाण्यातून आलेली खनिजं तिथे साचतात: पांढरी झिओलाइटं, क्वार्ट्झ, कॅल्साइट. वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हनसाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे, तेही अशाच पोकळ्यांत सापडतं. भोकाभोकांचा दगड दिसला तर तुम्ही एखाद्या लाव्हाथराच्या माथ्याजवळ आहात एवढंच सिद्ध होतं. मुख जवळ असल्याची खूण वेगळी: हवेत उडून पडलेले लाव्ह्याचे गोळे, राखेचे आणि खंगरांचे ढीग, आणि मध्यापासून चहूबाजूंना बाहेर कललेले थर. पुण्याभोवतीचे थर जवळजवळ आडवे आहेत.

काही जण पुरावा म्हणून भूशास्त्रीय नकाशा जोडतात, त्यात महाराष्ट्राचा बहुतेक भाग एकाच रंगात ‘ज्वालामुखीय खडक’ म्हणून दाखवलेला असतो. तो नकाशा खाली कोणता खडक आहे ते सांगतो. जमिनीचा आकार पाहायचा तर स्थलदर्शक नकाशा घ्यावा लागतो.

“सपाट माथा म्हणजे बुजलेलं मुख”

मेसेजमधला हा सर्वांत चुकीचा मुद्दा, कारण खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. सिंहगडाचा माथा कशाने भरून आलेला नाही, भोवतालची जमीन झिजून गेली म्हणून तो उरला आहे.

लाव्ह्याचे सगळे थर सारखे कठीण नसतात. घट्ट बेसाल्ट थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात; तो झिजतो तेव्हा या भेगांवरून मोठमोठे तुकडे सुटतात आणि मागे उभा कडा राहतो. त्याच्या खालचा किंवा वरचा भोकाळ थर लवकर कुजतो, त्याची माती होते, उतार मंद होतो आणि त्यावर गवत-झुडपं धरतात. म्हणून कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार अशा पायऱ्या दिसतात. घाटरस्त्याच्या कापलेल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी दोन थरांमध्ये विटकरी लाल पट्टा असतो: एक थर थिजून त्याचा माथा कुजायला लागल्यावर पुढचा थर त्यावर आल्याची ती खूण.

माथ्यावर घट्ट थर असेल तर तो छप्परासारखा खालच्याला वाचवतो. पाणी वरून फारसं कापू शकत नाही, कडेने कुरतडत आत येतं. मोठा सपाट माथा उरतो त्याला मेसा म्हणतात. तो आक्रसत लहान झाला की ब्यूट. भुलेश्वर रांग, जिच्यावर सिंहगड आहे आणि जिच्यातून कात्रजचा घाट जातो, ती अशीच दोन खोऱ्यांच्या मध्ये उरलेली भिंत आहे: उत्तरेचं पाणी मुठेकडे, दक्षिणेचं नीरेच्या खोऱ्यात. खोऱ्याच्या एका बाजूला ज्या उंचीवर कड्याची पट्टी दिसते, जवळपास त्याच उंचीवर ती समोरच्या डोंगरातही दिसते. वेगवेगळ्या ज्वालामुखींनी आपापले शंकू रचले असते तर पट्ट्या अशा जुळल्या नसत्या.

गडावरची टाकी माणसांनी कातळात खोदलेली आहेत. त्यांचा मुखाशी काडीचा संबंध नाही.

“नकाशावर गोल रेषा आहेत, त्या विवराच्या”

त्या समोच्च रेषा. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा कोणत्याही सुट्या टेकडीभोवती बंद वळसाच घेणार; टेकडी दगडाची असो की मातीची. खरं विवर असेल तर आतल्या वळशांचे आकडे पुन्हा *कमी* होत जातात आणि खोलगट भाग दाखवण्यासाठी रेषेच्या आतल्या बाजूला बारीक दातरे काढतात. पुण्याच्या टेकड्यांवर हे आहे का, ते कुणीही अर्ध्या तासात तपासू शकतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्या. पुणे शहर दोन पत्रकांत वाटलं गेलं आहे, कारण १८°३०′ अक्षवृत्त शहरातून जातं. वेताळ टेकडी ४७ एफ/१४ मध्ये, तर पर्वती आणि सिंहगड ४७ एफ/१५ मध्ये. सिंहगड पत्रकाच्या अगदी पश्चिम कडेला येतो, त्यामुळे त्याचा पश्चिम उतार पाहायला शेजारचं ४७ एफ/११ लागतं. एकाच पत्रकावर शोधणाऱ्याला गड अर्धवट दिसतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

या प्रमाणात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने, आणि दर पाचवी रेषा जाड. म्हणजे दोन जाड रेषांमध्ये १०० मीटरचा चढ. आता सिंहगडावरून पायथ्याकडे बोट फिरवा: माथ्यावर रेषा विरळ, कडेला एकदम एकमेकींना चिकटलेल्या, मग थोड्या सुट्या, पुन्हा चिकटलेल्या. हीच ती पायऱ्यांची रचना. राखेच्या शंकूच्या बाजू जवळपास सरळ उतरतात, म्हणून रेषा सारख्या अंतरावर येतात आणि मधोमध खोलगट वळसा असतो. पर्वतीसारख्या लहान टेकडीवर रेषाच जेमतेम तीन-चार येतात. तेवढ्यावरून ‘शंकू’ म्हणणं धाडसाचं आहे.

मेसेजमधला फोटो फसवतो तो उंचीच्या अतिशयोक्तीमुळे. खडकवासला धरण ते सिंहगड सरळ रेषेत सुमारे ८ किलोमीटर आणि चढ सुमारे ७०० मीटर. कागदी पट्टीची कड या रेषेवर ठेवा, प्रत्येक जाड रेषा कापते तिथे खूण करून आकडा लिहा, मग खुणा आलेखाच्या कागदावर उतरवून डोंगराचा उभा छेद काढा. आडवं प्रमाण नकाशाचंच ठेवलं तर आडवी लांबी १६ सेंटिमीटर. उभं प्रमाण १ सेंटिमीटरला १०० मीटर घेतलं तर गड ७ सेंटिमीटर उंच, टोकदार दिसतो, कारण उंची पाचपट ताणली गेली. दोन्हीकडे १ सेंटिमीटरला ५०० मीटर ठेवा: तोच गड १.४ सेंटिमीटरचा होतो, आणि शंकू नाहीसा होतो. मोबाईलवरचे त्रिमितीय नकाशेही बऱ्याचदा उंची अशी वाढवून दाखवतात. छेद काढताना उभं प्रमाण बाजूला लिहिलं नाही तर तो छेद निरुपयोगी.

“लोणार हेही मुखच”

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार उल्कापाताने झालेलं विवर आहे, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. एके काळी तेही ज्वालामुखीचं समजलं जाई. पण तिथल्या बेसाल्टमधल्या खनिजांवर प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या, तशा ज्वालामुखीत होत नाहीत.

“पुन्हा जागे होतील”

ज्या खोल उष्ण स्रोताशी हा लाव्हा जोडला जातो, तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा भूखंड तेव्हापासून उत्तरेला सरकत आला. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे. कोयना (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) ही नावं मेसेजच्या काही आवृत्त्यांत घुसडलेली असतात. ते भूकंप पृथ्वीच्या कवचातल्या भेगांवर खडक सरकल्याने झाले, आणि कोयनेचा संबंध जलाशयाशी जोडला जातो. लाव्ह्याशी कशाचाच नाही.

या टेकड्यांचा खरा धोका उताराचा आहे. ३० जुलै २०१४ला पुणे जिल्ह्यातच, आंबेगाव तालुक्यात, मुसळधार पावसात डोंगराचा उतार माळीण गावावर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. कुजलेला थर पाणी पिऊन जड होतो, आणि पायथा कापलेला असेल तर त्याला खालून आधार राहत नाही. बांधकामाच्या नियमांत १:५पेक्षा तीव्र डोंगरउतारावर बांधायला मनाई आहे ती यासाठीच. १:५ म्हणजे १०० मीटर चालल्यावर २० मीटर चढ. १:५०,००० च्या नकाशावर दोन लगतच्या समोच्च रेषांत २ मिलिमीटर. पट्टी लावून पाहा: अंतर त्याहून कमी भरलं तर उतार त्याहून तीव्र. परवानगीसाठी जागेची प्रत्यक्ष मोजणीच लागते, कारण २० मीटरच्या टप्प्यात लहान कापणी दिसत नाही. पण आपल्या टेकडीचा कोणता भाग मुळातच बांधण्याजोगा नाही, याचा पहिला अंदाज एवढ्या मोजमापाने नक्की येतो.