नळाला उदक आलं का?

चूक माझीच आहे. लेकीचा गृहपाठ होता, तो मुकाट्याने करून घेतला असता तर रविवार वाचला असता.

लेक पाचवीत आहे. वहीत दहा शब्द, पुढे रिकाम्या जागा आणि वर लिहिलेलं, 'समानार्थी शब्द लिहा'. पाणी पुढे तिने जल लिहिलं, सूर्य पुढे रवी आणि घर पुढे फ्लॅट. मी म्हटलं, फ्लॅट नाही गं, गृह लिही. तर म्हणे, आपण गृहात राहतो का? म्हटलं नाही, आपण फ्लॅटमध्येच राहतो, पण लिहायचं गृह. तिने जरा पेन्सिल चावली, मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आजी, नळाला जल आलं का?"

मला हसू आलं आणि ते मी जसंच्या तसं सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. ग्रुपचं नाव 'गोडवा'. एकतीस मेंबर. रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता, म्हणजे चहा झालेला, आंघोळ व्हायची, पेपर वाचून संपलेला. भांडणाला याच्याइतकी पोषक वेळ अख्ख्या आठवड्यात नसते.

आधी पाचसहा जण हसले. मग वर 'काका टायपिंग' असं दिसायला लागलं. काका म्हणजे माझे चुलत सासरे, संस्कृतचे रिटायर्ड मास्तर. ते टायपिंग करायला लागले की जाणकार मंडळी फोन चार्जिंगला लावून येतात. काकांनी लिहिलं की यात हसण्यासारखं काय आहे, अमरकोशात पाण्याला सत्तावीस शब्द आहेत. आणि मग सत्तावीसच्या सत्तावीस पाठवले, सुटे सुटे, कारण काका प्रत्येक शब्दानंतर सेंडचं बटण दाबतात. वारि. टुंग. सलिल. टुंग. कमल. टुंग.

कमल म्हणजे पाणी? हो. पुढे वन म्हणजे पण पाणी. भुवन म्हणजे पण पाणी. कबंध, जो मी आजवर मुंडकं उडालेलं धड समजत होते, तोही पाणी. आणि यादीच्या शेवटाकडे आलं 'क्षीर'.

आमचे धाकटे भाऊजी याच क्षणाची वाट बघत असणार. "म्हणजे आपला दूधवाला चुकत नाहीये, तो अमरकोश पाठ करून रतीब घालतोय."

काका म्हणाले थट्टा करू नका. भाऊजी म्हणाले थट्टा नाही, पण नीर पण पाणी आणि क्षीर पण पाणी, मग तो नीरक्षीरविवेक करणारा हंस बिचारा करतो तरी काय? पाण्यातून पाणी वेगळं काढतो? यावर काका दहा मिनिटं गप्प होते आणि मला वाटलं संपलं. काकांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला लग्नाला बारा वर्षं झाली तरी कळत नाही. ते मोठा मेसेज लिहीत होते.

त्यात एक मुद्दा खरंच बिनतोड होता, तो म्हणजे पाणीपुरवठ्याच्या सरकारी संस्थेचं नावच मुळी 'महाराष्ट्र जीवन प्राधिकरण' आहे आणि तिथलं जीवन म्हणजे पाणीच. हे मला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होते की ते काहीतरी एकंदर जगण्याबिगण्याबद्दलचं खातं असेल. भाऊजींनी विचारलं, मग पाणी आलं नाही की तक्रार कशी लिहायची, 'आमच्या वाड्यात चार दिवस जीवन नाही'? आत्याबाई म्हणाल्या वाड्यात राहणाऱ्यांना ते वाक्य तसंही लागू पडतं. आत्याबाई वाड्यात राहतात.

मग आला पुतण्या. पुतण्या भाषाशास्त्रात एमए करतोय आणि घरात कोणी त्याला कधी काही विचारत नाही, त्यामुळे असं काही निघालं की तो धरण फुटल्यासारखा येतो. त्याने सांगितलं की ब्लूमफील्ड नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९३३ मध्येच म्हणून ठेवलंय की खरे समानार्थी शब्द मुळात नसतातच, रूप वेगळं आहे म्हणजे अर्थात काही ना काही फरक असणारच. तर लेक माझ्या खांद्यावरून वाचत होती, ती म्हणाली, "मग मी हे रिकामं ठेवू?"

पुतण्या म्हणाला तपासायची सोपी युक्ती आहे. लायब्निझ नावाचे जर्मन तत्त्वज्ञ होते, त्यांचं म्हणणं असं की एकाच्या जागी दुसरं ठेवून बघा, वाक्य खरं होतं ते खरंच राहिलं तर दोन्ही एकच. मी मनातल्या मनात लगेच करून बघितलं. 'सासूबाई' आणि 'नवऱ्याची आई'. माणूस एकच, नातं एकच, कुठल्याही कोर्टात टिकेल. आता आत जाऊन "अहो नवऱ्याची आई, चहा टाकू का?" असं विचारलं तर वाक्यातलं सत्य टिकेल हो, मी टिकणार नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. सासूबाई पण ग्रुपवर आहेत. लिहीत कधीच नाहीत, पण चष्मा लावून सगळं वाचतात, आणि दोन निळ्या टिका उमटल्या की माझ्या पोटात गोळा येतो.

पण ती युक्ती एकदा हातात आल्यावर लोक सुटलेच. घर आणि गृह. बँक देते गृहकर्ज आणि महापालिका घेते घरपट्टी, घेण्यादेण्याच्या भाषा वेगळ्या. कोणाचा जावई गृहजावई नसतो. राज्याला गृहमंत्री असतो, घरमंत्री म्हटलं तर नुसता डाळतांदूळ बघणारा वाटेल. आणि वर कडी म्हणजे आत्याबाईंचं वाक्य, गृहप्रवेश केला तर पत्रिका छापतात आणि घरात शिरला तर पोलिसात कळवतात. आत्याबाई सातवी शिकल्यात. माझ्या मते त्या दिवशी ग्रुपवर खरं भाषाशास्त्र त्यांनीच केलं.

मग कोणीतरी वारणं आणि मरणं काढलं. रविवारी सकाळी काढायचा विषय नाही, पण निघाला. आजोबा वारले, शेजारचे साठे गेले, पुढाऱ्याचं निधन झालं आणि उंदीर मेला. उंदराचं निधन का होत नाही? डास वारला असं कोणी का म्हणत नाही? आणि फोनची बॅटरी संपली की आमचा हा म्हणतो "फोन मेला", त्यावर सासूबाई म्हणतात असं अभद्र बोलू नये. म्हणजे फोनने काय करायचं, कैलासवासी व्हायचं?

एवढ्यात काकांनी इतिहास काढला. महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदव्या बदलून संस्कृत केल्या, पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, राज्यव्यवहारकोश करवून घेतला, ते काय उगीच? प्रतिशब्द असतात म्हणूनच ना ठेवता आले? मुद्दा बरोबर वाटत होता. पण भाऊजी म्हणाले, काका, नाव बदललं हे खरं, पण मग नंतर पुण्यात राज्य कोणी केलं, पेशव्यांनी की मुख्य प्रधानांनी? माझ्या ऑफिसात एक मुजुमदार आहे आणि कॉलेजात एक डबीर होता, त्यांची आडनावं कोणी अमात्य नि सुमंत केलेली नाहीत. आणि आमच्या जागेची केस चालू आहे तिथे दर वेळी तारीख पडते, दिनांक पडलेला मी अजून बघितलेला नाही.

यावर मला काकांची जरा दयाच आली. म्हणून मी मध्ये पडले. (पडू नये. बारा वर्षांत हे शिकायला हवं होतं.) मी लिहिलं, काका, एक जोडी मला सापडली, 'माझ्या रविवारच्या झोपेवर मी पाणी सोडलं' आणि 'माझ्या रविवारच्या झोपेवर मी उदक सोडलं', दोन्ही अगदी सारखंच. काकांनी चक्क नमस्काराचे तीन हात पाठवले. तो आनंद अर्धा मिनिट टिकला. भाऊजींनी लिहिलं, "वहिनी, महापालिकेने पाणी सोडलं तर आपण बादल्या भरतो. महापालिकेने उदक सोडलं तर आपण गाव सोडायचं."

तिकडे न्यू जर्सीला शनिवारची मध्यरात्र. नणंदबाई जाग्या होत्याच. त्यांनी इतका वेळ वाचून एकच ओळ टाकली आणि झोपायला गेल्या, "ते सगळं जाऊ दे, झुणका आणि पिठलं एकच ना?"

इथून पुढे गृहपाठ कोणाच्याच लक्षात राहिला नाही.

आता मी अमरावतीची. हे सांगणं भाग आहे कारण या विषयातली मी जुनी जखमी आहे. लग्न होऊन पुण्याला आले आणि दोनच दिवसांनी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना म्हटलं, मावशी, दहा रुपयांचा सांबार द्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यात विचार करण्यासारखं काही आहे हेच मला तोवर माहीत नव्हतं. मावशींनी माझ्या हातातल्या हिरव्या चुड्याकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं, आणि रस्त्यापलीकडच्या उडप्याच्या हॉटेलाकडे बोट केलं, "तितं मिळंल, पर इडली घ्यावी लागंल." आणि हे होईपर्यंत मी उभी होते ती कोथिंबिरीच्या ढिगासमोरच, हात लांब केला असता तर जुडी हातात आली असती. शब्द सापडेना म्हणून मी घरी येऊन सांगितलं की कोथिंबीर संपली होती.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी प्रेमाने विचारलं होतं, तुला काय आवडतं खायला? मी म्हटलं बेसन-भाकर. त्या काही बोलल्या नाहीत. नंतर ह्याला हळूच विचारलं म्हणे, "तिच्याकडे नुसतं पीठ खातात का रे?" कारण पुण्यात बेसन डब्यात असतं आणि आमच्याकडे ताटात.

तर ग्रुपवर आता तीन पक्ष झाले. एक म्हणे झुणका कोरडा, पिठलं पातळ, विषय संपला. दुसरा म्हणे मग तव्यावरचं पिठलं कोरडं असतं ते काय, त्याला झुणका का नाही म्हणत? गाठीच्या पिठल्याचं काय करणार, ते तर मध्येच लटकलेलं. तिसरा पक्ष म्हणजे मी एकटी, बेसनवाली. पुतण्या म्हणाला हे फार इंटरेस्टिंग आहे, याला कोणी उत्तर दिलं नाही. भाऊजी म्हणाले १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली, पिठलं-भाकर दिली असती तर द्रोण लागले असते आणि योजना तिथेच खर्चात गेली असती. काका म्हणाले अमरकोशात पिठलं नाही. पहिल्यांदाच त्यांनी एका ओळीत मेसेज संपवला, बहुतेक भूक लागली असावी.

दोन वाजेपर्यंत सत्त्याऐंशी मेसेज झाले. मध्ये पोळी की चपाती पण होऊन गेलं पण त्यात कोणी जखमी झालं नाही, दोघी जणी ग्रुप सोडून गेल्या एवढंच, त्या दर महिन्याला सोडतात. 'सोडणे' आणि 'जाणे' हे त्यांच्या बाबतीत समानार्थी नाहीत.

या सगळ्यात आमचा हा सोफ्यावर आडवा पडून वाचत होता आणि हसत होता. मी म्हटलं, अरे तुझेच नातेवाईक आहेत, काहीतरी लिही, थांबव. म्हणाला, "बघू." तेव्हा मला कळलं की मराठीतली एकमेव अस्सल समानार्थी जोडी माझ्या घरातच आहे. 'बघू' आणि 'नाही'. बारा वर्षं एकाच्या जागी दुसरं ठेवून तपासलेली आहे, वाक्याचा अर्थ एकदाही तसूभर हललेला नाही. हे मी पुतण्याला वेगळं पाठवलं. त्याचं उत्तर आलं की काकू, तो शब्दार्थ नाही, तो वापरातून निघणारा अर्थ, तो वेगळा पेपर असतो. म्हणजे इथेही नापास.

संध्याकाळी वही उघडली तर लेकीने घर पुढचं फ्लॅट खोडून गृह लिहिलं होतं, खोडरबराने कागद पार पातळ करून. बाकीचं पण कोणालाही न विचारता भरून टाकलं होतं. मी म्हटलं शहाणी गं माझी. मग स्वयंपाकघरात गेले. दुपारच्या भाकऱ्या होत्या. कढईत तेल टाकलं, मोहरी तडतडली, लसूण ठेचून घातला, आणि सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दिवसभर त्या या विषयावर एक अक्षर बोलल्या नव्हत्या, पण चष्मा अजून कपाळावर होता, म्हणजे वाचून झालेलं होतं सगळं.

"काय करतेयस?"

मी गप्प. सत्त्याऐंशी मेसेज डोळ्यांपुढे. हातात पिठाची वाटी. कुठला शब्द काढावा तेच सुचेना, म्हणून म्हटलं, "हेच आपलं, भाकरीबरोबर काहीतरी पिवळं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कढईत डोकावल्या, ओट्यावरचा पाण्याचा तांब्या उचलून माझ्यापुढे ठेवला.

"बेसन म्हण हवं तर," म्हणाल्या, "पण पातळ कर."