चित्रकलेच्या तासाला गाजरगवत : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सर, नमस्कार.

गाजरगवत, घाणेरी आणि जलकुंभी ही परदेशी तणं चित्रं काढून अभ्यासायची, असा एक चित्र-विज्ञान उपक्रम मी लेखात इंदूरच्या शाळांतल्या सातवी ते नववीच्या मुलांसाठी सुचवला होता. त्यावर तुम्ही चार आक्षेप घेतले आहेत. एक, गाजरगवत मुलांच्या हातात देणं हा निष्काळजीपणा आहे. दोन, चित्रं काढून घेणं म्हणजे विज्ञानाच्या तासाला नुसती रंगरंगोटी. फोटो काढले की काम भागतं, आणि घाणेरीची भेटकार्डं केली तर मुलं तिच्या प्रेमातच पडतील. तीन, जलकुंभीचा कागद करून कुठलाही तलाव रिकामा होत नाही. चार, ‘परदेशी घुसखोर’ असे शब्द मुलांच्या तोंडी देताना मिरची-बटाटाही परदेशीच, याचा विसर पडला आहे. पहिला आणि तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. दुसरा, भेटकार्ड सोडलं तर, अजिबात नाही. चौथ्यात तुमचं अर्धं बरोबर आहे.

मूळ लेखात ‘रोप उपटून वर्गात आणावं’ एवढंच एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ चुकीची होती, काढून टाकली. गाजरगवताच्या (इंदुरात सगळे गाजरघास म्हणतात) पानाखोडावरच्या बारीक केसांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. त्यानं काहींच्या कातडीला खाज सुटते, पुरळ उठतं. त्रास सहसा पहिल्या स्पर्शाला होत नाही, आणि शिक्षक फसतात ते इथेच. शरीर आधी संवेदनशील होतं, पुरळ नंतरच्या एखाद्या स्पर्शाला उठतं. त्यामुळे ‘मागच्या वर्षी कुणाला काही झालं नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही. वाळलेलं रोपही निर्धोक नसतं, म्हणून वर्तमानपत्रात दाबून नमुना करण्याचं कामही मुलांना द्यायचं नाही.

सुधारित पद्धत अशी. रोप मोठ्या माणसानंच आणायचं. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला मास्क. चार मुलांत एक याप्रमाणे चाळीस मुलांना दहा बरण्या. बरणी चौकोनी, सपाट बाजूची घ्या. गोल बरणीतून आकार वाकडे दिसतात आणि मुलं ते वाकडेच काढतात. देठाचं टोक ओल्या टिश्यूत गुंडाळून वर प्लास्टिक बांधा. नुसता ओला बोळा आत टाकला तर काचेवर बाष्प धरतं आणि अर्ध्या तासात काही दिसेनासं होतं. दहापट भिंगाला वस्तू साधारण अडीच सेंटिमीटरवर लागते, तेव्हा फुलांचा झुपका आतून काचेला टेकलेला हवा. झाकण चिकटपट्टीनं बंद करा आणि तास संपेपर्यंत उघडू नका. दमा किंवा कातडीची तक्रार असलेल्या मुलांनी मोठ्या छापील फोटोवरून काढावं. इथे फोटोचा उपयोग आहे, हे कबूल.

आता मुख्य मुद्दा. फोटो काढणाऱ्याला काहीच ठरवावं लागत नाही. कॅमेरा सगळं उचलतो, न पाहिलेलंही. पेन्सिल हातात घेतली की किती, कुठे जोडलेलं, आधी काय उमललं, याचं उत्तर दिल्याशिवाय रेघ पुढे सरकत नाही.

पहिली तीन मिनिटं बरणी झाकलेली. मुलांनी आठवणीतून गाजरगवताचं फूल काढायचं. बहुतेक कागदांवर शेवंतीसारखं आठ-दहा पाकळ्यांचं गोल पांढरं फूल उतरतं. मग झाकण काढायचं नाही, फक्त बरणीवरचं फडकं काढायचं. आपण ज्याला फूल म्हणतो ते खरं तर जेमतेम चार मिलिमीटरचं स्तबक आहे, अनेक फुलांचा झुपका. आलेख कागदावर ते दहापट, म्हणजे चार सेंटिमीटरचं काढायला सांगा. पहिली दहा मिनिटं खोडरबर बंद. एवढं मोठं काढताना मुलांच्या लक्षात येतं की ते गोल नाही, पाच कोपऱ्यांचं आहे. प्रत्येक कोपऱ्यावर टोकाशी खाच असलेलं एकेक इवलं किरणपुष्पक (कडेचं फूल), आणि मधे साधारण चाळीस बिंबपुष्पकांची (मधल्या फुलांची) गर्दी. बी धरतं ते फक्त त्या पाच किरणपुष्पकांत. मधली फुलं परागकण देतात आणि संपतात. म्हणजे एका स्तबकाला जास्तीत जास्त पाच बिया. ज्यानं घाईत सहा कोपरे काढले त्याचा बियांचा अंदाज थेट वीस टक्क्यांनी वर गेला. चित्रातली चूक आकड्यात उतरते, सर. याला रंगरंगोटी कसं म्हणायचं?

इथून भिंतीवरच्या मोठ्या चित्राकडे जायचं. चांगलं वाढलेलं एक झाड 15,000 किंवा त्याहून जास्त बिया देऊ शकतं. पाचनं भागलं की 3,000 स्तबकं. प्रत्येक मुलाला 5 बाय 15 सेंटिमीटरची पट्टी द्या, एकेक सेंटिमीटरचे 75 चौकोन. प्रत्येक चौकोनात पाच कोपऱ्यांचं एक स्तबक. चाळीस पट्ट्या दहाच्या चार ओळींत चिकटवल्या की 50 बाय 60 सेंटिमीटरचा फलक होतो आणि त्यावर बरोबर एका झाडाची स्तबकं असतात. ‘पंधरा हजार’ हा फळ्यावर लिहिलेला आकडा मुलं पुसतात. पंचाहत्तर स्तबकं काढून बोटं दुखलेलं मूल तो विसरत नाही. घाई करू नका. हे काम दोन तासिकांचं आहे, एका तासिकेत उरकलं तर शेवटच्या तीस चौकोनांत नुसते ठिपके येतात.

रंगाची अडचण आधीच सांगून ठेवतो. पांढऱ्या कागदावर पांढरा पोस्टर कलर दिसत नाही, मग मुलं काळ्या रेघेनं कड काढतात आणि आकार बिघडतो. कागद तसाच पांढरा सोडून भोवतीचा हिरवा भरायचा. त्या हिरव्यातही थोडा करडा हवा. पानांवरच्या केसांमुळे झाड राखी झाक मारतं, आणि रस्त्याकडेला ते दुरून ओळखायची तीच खूण आहे.

दुसरं चित्र जमिनीलगत पसरलेल्या कोवळ्या रोपाचं. मोठं झाड आणि हे रोप एकच, हे निम्म्या मुलांना पटत नाही, आणि उपटायची वेळ तर नेमकी ही. गाजरगवत उगवल्यापासून महिना-दोन महिन्यांत फुलतं. आपल्याकडे पाऊस जूनच्या उत्तरार्धात स्थिरावतो, म्हणजे जुलैचा मध्य हा खरा मुहूर्त. देशभर गाजरगवत जागृती सप्ताह 16 ते 22 ऑगस्टला होतो. तोवर बरीच झाडं फुललेली असतात, आणि फुललेली झाडं मैदानभर ओढत नेली तर बिया पेरल्याच जातात. माझ्या मते शाळांनी तो सप्ताह भाषणं आणि फलकाच्या प्रदर्शनासाठी ठेवावा, उपटण्याचं काम महिनाभर आधी मोठ्यांकडून करून घ्यावं.

उपटलेल्याचं काय करायचं, हेही लेखात राहिलं होतं. फूल येण्याआधीचं रोप कंपोस्टमध्ये चालतं. फुललेलं नाही. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीशास्त्रज्ञांनी 1924 ते 1931 या काळात आपल्याच गावात बसवलेली कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ तणाच्या बिया मारते, कारण तिचा ढीग मोठा असतो आणि आतून चांगला तापतो. शाळेतल्या बादलीएवढ्या खतकुंडीत ती उष्णता येतच नाही. निदान मीटरभर लांब-रुंद-उंच ढीग नसेल तर बिया जिवंत राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात कुंड्यांतून उगवतात.

गुणांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण रंगरंगोटीची शंका तिथूनच येते. दहापैकी चार गुण मोजणी बरोबर असल्याचे, दोन प्रमाणपट्टीचे (चित्र किती पट मोठं आहे ते दाखवणारी रेघ), दोन नावांच्या खुणांचे, दोन तारीख-ठिकाणाचे. सुंदर दिसण्याला शून्य. यानं चित्रकलेच्या शिक्षकांचा अपमान होत नाही. निरीक्षण कसं करायचं हे त्यांच्याइतकं दुसरं कोण शिकवणार? पुण्याजवळच्या दापुरीच्या बागेत 1847 ते 1850 दरम्यान अलेक्झांडर गिब्सन यांच्यासाठी काढलेली वनस्पतींची चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. काढणाऱ्याचं नाव मात्र नोंदलेलं नाही. आणि चित्रकलेचे शिक्षक देवळालीकर मास्तर यांनी ज्या इंदुरात बेंद्र्यांसारखे चित्रकार घडवले, तिथे तरी चित्रकलेला दुय्यम म्हणू नये.

घाणेरीकडे (लँटाना) येतो. भेटकार्ड काढून टाकलं, तुमचं खरं. पण घाणेरी सुंदर आहे हे मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही. ती भारतात आलीच बागेत लावायची शोभेची म्हणून. त्या सौंदर्याचं काम काय, हे शोधायला लावावं. पिवळ्यातून गुलाबी होणारी जात निवडा. एकरंगी जातीत हा प्रयोग फसतो. गुच्छात बाहेरची फुलं आधी उमलतात, आतली नंतर. नवं फूल पिवळं असतं, जुनं होताना गुलाबी पडतं. एकाच गुच्छाला दोरा बांधून चार दिवस ठरावीक वेळी चित्र काढायचं आणि शेजारी रंगाचा ठिपका द्यायचा. मग दहा मिनिटं नुसतं बसून मोजायचं, फुलपाखरू कुठल्या रंगावर उतरतं. बहुतेक उतरणं पिवळ्यावर होतं, कारण मध तिथे असतो. गुलाबी फुलं गुच्छ दुरून मोठा दिसावा म्हणून टिकून राहतात. त्याच पानाच्या खालच्या अर्ध्यात झुडपाखालच्या जमिनीचं चित्र. एक मीटरची दोरीची चौकट झुडपाखाली, दुसरी उघड्यावर, आणि दोन्हींत किती प्रकारची रोपं आहेत ते मोजून काढायचं. वरचं अर्धं पान रंगीत आणि खालचं बहुतेक रिकामं राहिलं, तर त्यावर शिक्षकाला भाष्य करावं लागत नाही. काटे आहेत, कच्ची फळं विषारी आहेत, तेव्हा तोडणं नाही. राळामंडळ अभयारण्यात किंवा सिरपूर तलावावर (2022 पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) जाणार असाल तर तण असलं तरी परवानगीशिवाय काही तोडू-उपटू नये.

जलकुंभी म्हणजे पाण्यावर तरंगणारं तण. तिच्या कागदाचं गणित तुमच्या बाजूनं आहे, आणि ते मुलांनाच करायला द्यावं. या झाडात सुमारे 95 टक्के पाणी. एक किलो ओले देठ म्हणजे 50 ग्रॅम कोरडा माल. शिजवून धुतल्यावर त्यातला निम्मा उरतो. ए-फोर आकाराच्या जाड हातकागदाला नऊ-दहा ग्रॅम लगदा लागतो. किलोला दोन कागद! तेवढ्यात तलावावरचा जलकुंभीचा थर गरम, घाणमिश्रित पाण्यात पंधरवड्यात दुप्पट होऊ शकतो. तेव्हा कागद करायचा तो तंतू समजण्यासाठी. फक्त देठ घ्या. पानांनी लगदा बुळबुळीत होतो. दोन सेंटिमीटरचे तुकडे, किलोला तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम धुण्याचा सोडा, मंद आचेवर दोन तास. भांडं स्टीलचं, अ‍ॅल्युमिनियम सोड्यानं खाल्लं जातं. हे शिजवणं शिक्षकांचं काम. बुळबुळ जाईपर्यंत धुवा, मिक्सरमध्ये दहा-दहा सेकंदांचे झटके द्या. सलग फिरवलं तर तंतू तुटतात आणि कागद वाळताना आकसतो. कोरड्या वजनानं तेवढाच रद्दीचा लगदा मिसळा, मच्छरजाळीच्या चौकटीवर उचला, दोन कापडांत वजनाखाली वाळवा. उघड्या उन्हात तो पापडासारखा वळतो. सांडपाणी येतं तिथली जलकुंभी घेऊ नका, ती पाण्यातले जड धातू शोषून ठेवते.

राहिला परदेशीपणा. ‘घुसखोर’ हा शब्द लेखातून काढला. आंतरसरकारी जैवविविधता मंचाच्या 2023 च्या अहवालात परक्या ठरलेल्या वनस्पतींपैकी सुमारे 6 टक्केच उपद्रवी म्हटल्या आहेत. शंभर चौकोनांत सहा लाल रंगवा. उरलेल्या चौऱ्याण्णवांत पोह्यावरची मिरची बसते. उलट, आपली साधी बाभूळ ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये मोठा उपद्रव ठरली आहे. ‘अमेरिकेनं गव्हातून पाठवलं’ ही गोष्ट सांगायला हवी होती, असं तुम्ही जाता जाता म्हणता. ती काळपट्टीवर काढून पाहा. पुण्यात गाजरगवत दिसलं 1955 मध्ये, अमेरिकेकडून धान्य घेण्याचा पीएल-480 करार भारताशी झाला ऑगस्ट 1956 मध्ये. अमेरिकन गहू मात्र 1951 च्या कर्जातून आधीही आला होता. म्हणजे गव्हाचा संशय उरतो, पण ठरलेली कथा जशीच्या तशी टिकत नाही.

‘परदेशी’ हा शब्द मात्र मी ठेवला आहे, कारण त्यामागे कारण आहे. झाड इकडे आलं, त्याला खाणारे किडे तिकडेच राहिले. म्हणून तर 1983 मध्ये मेक्सिकोहून गाजरगवताची पानं खाणारा एक भुंगा बंगळूरला आणला गेला आणि तपासून पुढच्या वर्षी सोडला. तोही परदेशीच. सहा मिलिमीटरचा, फिकट पिवळसर पांढरा, पाठीवर तपकिरी वळणदार रेघा. पावसाळ्यात कुरतडलेल्या पानांचं गाजरगवत दिसलं तर ते उपटू नका. फूटभर लांबून भुंगा शोधा आणि त्याच्या रेघा मोजून काढायला सांगा.