गॉलवेची रिकामी बाकं

'आयर्लंडमधली चर्च ओस पडली' ही बातमी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून फिरते आणि दर वेळी तिचे दोन अर्थ लावले जातात. काका लिहितात, त्यांचा धर्म बुडत चाललाय, आपली देवळं बघा, पाय ठेवायला जागा नाही. मावसभाऊ लिहितो, लोक शिकले, हातात पैसा आला की देव मागे पडतोच, आपल्याकडेही पडेल. मी आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहते, माझी मुलगी इथल्या शाळेत जाते. मला दोघांचंही पटत नाही.

आकडे खरेच आहेत. सत्तरच्या दशकात इथले दहापैकी नऊ कॅथलिक दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, जात. 1961 च्या जनगणनेत जवळपास 95 टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं होतं, 2022 मध्ये 69 टक्क्यांनी. आमच्या भागातल्या चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी पुढच्या बाकांवर पिकल्या केसांची माणसं दिसतात. त्यांच्या मागे केरळच्या आणि फिलिपीन्सच्या नर्सेस, मुलाबाळांसह. मिस्सा सांगायला बऱ्याचदा भारतातून आलेले फादर असतात, कारण फादर घडवणाऱ्या इथल्या सेमिनरीत तरुण फारसे येईनासे झालेत.

पण शेजारचे आजोबा वारले तेव्हा त्याच चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. आदल्या संध्याकाळी अख्खी गल्ली रांग लावून त्यांच्या घरी गेली. प्रत्येकाने घरातल्या एकेकाचा हात हातात घेतला, दोन शब्द बोलला आणि पुढे सरकला. दुसऱ्या दिवशी मिस्सा, दफन, मग हॉटेलात सगळ्यांना सूप आणि सँडविच. ज्या नातवांना प्रार्थनेचे शब्द धड येत नव्हते, त्यांनीच शवपेटी खांद्यावर घेतली होती. क्रोह पॅट्रिक या तीर्थाच्या डोंगरावर जुलैच्या शेवटच्या रविवारी आजही हजारो माणसं चढतात, काही अनवाणी. इथली श्रद्धा आटली असं मला म्हणवत नाही. उडाला तो धर्मसत्तेवरचा विश्वास. तो का उडाला, हे आमच्या ग्रुपवर कुणी विचारत नाही.

तो विश्वास फुकटचा नव्हता. इंग्रजांच्या कायद्यांनी अठराव्या शतकात कॅथलिकांच्या जमिनी, शिक्षण, पदं हिरावून घेतली, तेव्हा फादर लपतछपत, उघड्या रानात दगडावर मिस्सा करत. छळ सोसणाऱ्यांच्या बाजूने उभी राहिलेली संस्था होती ही चर्च. 1922 मध्ये स्वातंत्र्य आलं. शाळा, इस्पितळं, अनाथाश्रम बहुतांशी तिच्याच हाती राहिले, आणि 1937 च्या राज्यघटनेने तिला खास स्थानही दिलं. मग तिला जाब विचारायची कुणाची हिंमत होणार?

गॉलवेहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर टूम गाव आहे. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना तिथल्या एका आश्रमात पाठवत. इमारत काउंटी कौन्सिलची, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेची, कारभार कॅथलिक सिस्टरांचा, 1925 ते 1961. कॅथरीन कॉर्लेस या तिथल्याच बाईंनी स्थानिक इतिहासाच्या ओढीने जुन्या नोंदी धुंडाळल्या. त्यांना आश्रमात दगावलेल्या 796 मुलांच्या मृत्यूच्या नोंदी सापडल्या, पण त्यांना कुठे पुरलं याचा पत्ता लागेना. 2017 मध्ये चौकशी आयोगाला त्याच आवारात, जमिनीखालच्या सांडपाण्याच्या बांधकामात, लहानग्यांचे अवशेष मिळाले. उत्खनन सुरू व्हायला 2025 उजाडलं. मी ती जागा पाहिली आहे. चारी बाजूंनी साधी घरं आणि मध्ये हिरवळीचा एक तुकडा. माझी मुलगी तेव्हा कडेवर होती आणि मला तिथे पाच मिनिटंही उभं राहवेना.

आणि सविता हलप्पनवार. आपल्या बेळगावची मुलगी, दंतवैद्य, वय 31. गॉलवेत 2012 च्या ऑक्टोबरमध्ये तिचा गर्भ वाचणार नाही हे कळलं होतं, तरी त्याचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला. 28 तारखेला जंतुसंसर्गाने ती गेली. 'हा कॅथलिक देश आहे' असं तिला सांगितलं गेल्याचं चौकशीत पुढे आलं. ज्या देशाने 1983 मध्ये 67 टक्के मतांनी गर्भपातबंदी घटनेत घातली, त्याच देशाने 2018 मध्ये 66 टक्के मतांनी ती काढून टाकली. त्या वेळी चारपैकी तीन माणसं स्वतःला कॅथलिक म्हणवत होती. म्हणजे बंदी उठवणाऱ्यांतही बहुसंख्य कॅथलिकच असणार.

म्हणून काकांना माझं सांगणं आहे की गर्दी बघून निर्धास्त होऊ नका. 1979 मध्ये पोप आले तेव्हा याच गॉलवेच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर लाखो तरुण जमले होते. धर्म बुडेल असं तेव्हा म्हणणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. आज ती तरुण मंडळी साठीच्या पुढे आहेत आणि त्यातली कितीतरी मिस्सेला जात नाहीत.

इथल्या दहापैकी जवळपास नऊ प्राथमिक शाळा अजून चर्चच्या छत्राखाली आहेत, शिक्षकांचा पगार मात्र सरकार देतं. दुसरीच्या वर्गात पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मिस्सेतला प्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या विधीची, तयारी चालते, महिनोन् महिने. आम्ही मुलीला त्यातून वगळायला सांगितलं, तेव्हा ती त्या तासाला मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसायची. बाई प्रेमळ होत्या, कुणी तिला काही बोललं नाही. तरी मे महिन्यात बाकीच्या मुली पांढरे झगे घालून मिरवत होत्या तेव्हा तिने विचारलं, "आई, मी वाईट आहे का?"

2024 मध्ये महाराष्ट्राच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात गीतेचा अध्याय आणि मनाचे श्लोक पाठ करून घेण्याची सूचना आली, तेव्हा ग्रुपवर मोठा वाद झाला. मनाचे श्लोक मला आजीने शिकवले, मी मुलीला शिकवते, आणि ते मला फार जवळचे आहेत. शाळेत ते नकोत, असंच मी तेव्हा लिहिलं आणि आजही लिहीन. तिथे कुणाची तरी मुलगी मागच्या बाकावर बसणार.

मावसभावाशी माझं भांडण वेगळं आहे. शिक्षणाने आपोआप काही झालं नाही इथे. कॉर्लेसबाईंना गावातल्यांनी गप्प बसायला सांगितलं, आश्रमांतून वाचलेल्या बायकांना वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही, तरी त्या बोलत राहिल्या. आपल्याकडेही साने गुरुजींनी 1947 मध्ये दलितांसाठी विठ्ठलाचं देऊळ उघडावं म्हणून उपोषण केलं, ते विठ्ठलावरच्या प्रेमापोटीच. पंढरपूरच्या बडवे-उत्पात या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे हक्क काढणारा कायदा 1973 चा, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटची मोहोर उठवली 2014 मध्ये. चाळीस वर्षं कुणीतरी ते लढवत राहिलं. वारी त्याने थांबली नाही, काका. आणि देव मागे पडेल म्हणून वाट बघणाऱ्यांनी ती लढाई जिंकलेली नाही, हेही मावसभावाला सांगा.