पाणी पाजू नका म्हणणं निर्दयपणा आहे का?

नमस्कार ताई,

किनाऱ्यावर सापडलेल्या समुद्रपक्ष्याचं काय करावं, यावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तेलाने माखलेला पक्षी तुम्ही साबणाने धुतलात, चोचीत पाणी घातलंत, समुद्रात सोडलात आणि तो पोहत गेला. मी मात्र 'खोक्यात ठेवा, काही पाजू नका, तज्ज्ञांना कळवा' लिहून मोकळा झालो, हा तुमचा आक्षेप.

तो पोहत गेला, हे मी मानतो. मला काळजी आहे ती पुढच्या तासाभराची. पिसांचे बारीक तंतू आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात. त्या विणीमुळे पाणी बाहेर आणि उबदार हवा आत राहते. तेलाने वीण मोडते आणि गार पाणी थेट कातडीला भिडतं. पिसांत राहिलेला साबणही नेमकं तेच करतो. पोहणारा पक्षी किनाऱ्यावर येऊन बसला होता तो बहुतेक गारठूनच, आणि आपण त्याला परत तिथेच ढकलतो. पक्षी-उपचार केंद्रातही आल्या आल्या धूत नाहीत. आधी ऊब देतात, अंगात पाणी आणि ताकद भरतात, कारण अशक्त पक्षी धुण्याच्या ताणानेच दगावू शकतो.

पाण्याचंही तसंच. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. आपण ओतलेला घोट फुप्फुसात जायला वेळ लागत नाही. केंद्रात नळीने पाजतात, पण ते शिकलेले हात असतात.

राहिला खोका. त्यात अंधार असतो, शांतता असते, कुणी सारखं डोकावत नाही. भोकं पाडायची, तळाशी टॉवेल घालायचा, बस्स. पिंजरा नको, तारांनी पिसं तुटतात. उचलताना छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा) नसतं, छातीचं हाड हललं तरच त्यांना श्वास घेता येतो. आणि चोचीतून तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) लोंबत असेल तर ओढू नका, तोंडाशी कापूही नका. आत गळ असला तर तो शोधायला तेवढाच धागा हाताशी असतो.

चोचीबद्दल मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. 'चोचीला रबर लावा' असं मी सरसकट लिहिलं होतं. गॅनेट आणि बूबी या समुद्रपक्ष्यांना बाहेरून नाकपुड्याच नसतात, ते चोचीच्या कडेने श्वास घेतात. बांधली तर गुदमरतील. ते वाक्य काढून टाकलंय.

दुसरी चूक तुमच्याही नजरेतून सुटली! 'पक्षी उचला' म्हणताना मी बर्ड फ्लूचा उल्लेखच केला नव्हता. २०२१-२२ पासून त्याच्या एच५एन१ या विषाणूने समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीच्या वसाहती उजाड केल्या आहेत. आजूबाजूला आणखी मेलेले पक्षी असतील, किंवा एखादा मान वाकडी करून थरथरत असेल, तर हात लावू नका. लांबूनच कळवा.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेलं कडं होतं का? फोटोत त्यावरचा क्रमांक दिसत असेल तर पाठवा, तो कुठून आला होता ते शोधता येईल.