माथेरानच्या गाडीला दातेरी रूळ नाही
‘नेरळ-माथेरान ही दातेरी रुळावर चढणारी गाडी’ हे लेखातील विधान चुकीचे आहे. दातेरी रूळ म्हणजे दोन रुळांच्या मधली दातांची पट्टी, जिच्यात इंजिनाचे दातेरी चाक अडकते. ठाण्याहून लोकलने नेरळला मी अनेकदा गेलो आहे. तिथे दोन फूट अंतरावरच्या रुळांच्या मधोमध खडी आणि स्लीपर यांखेरीज काहीही नाही. १९०७ साली सुरू झालेली ही गाडी केवळ चाकांच्या पकडीवर, वळणे घेत, २० फुटांमागे १ फूट असा चढ चढते, आणि तिचे खरे कौतुक यातच आहे.

दातेरी मार्ग पाहायचा तर निलगिरीत कल्लार ते कुन्नूर प्रवास करावा: रुळांमध्ये वंगणाने काळवंडलेल्या दोन दातेरी पट्ट्या, एकीचे दात दुसरीच्या खाचांसमोर, आणि मागून डबे ढकलणारे इंजिन. तिथल्या १२ फुटांमागे १ फूट चढावर नुसती चाके जागीच फिरत राहतील.